मे महिन्यातलं मूल

"बाई, पोराचं बोनाफाईड पायजे."

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्याचा पहिला आठवडा. शिक्षकांना उन्हाळी सुट्टी असते, आम्हा लिपिकांना नसते. शाळेत मी आणि शिपाईमामा दोघंच होतो. खिडकीशी एक बाई आली होती. पदर डोक्यावरून ओढलेला, हाताच्या बोटांना ऊस सोलल्याच्या बारीक चिरा. मागं तिचा मुलगा, काखेत एक पुस्तक.

मी छापील फॉर्मचं पुस्तक काढलं. त्यावरचा मजकूर झोपेतही म्हणून दाखवीन, इतक्या वेळा भरला आहे: 'दाखला देण्यात येतो की, कुमार/कुमारी अमुक हा/ही या विद्यालयात सन अमुक या शैक्षणिक वर्षात इयत्ता अमुकमध्ये शिकत आहे/होता/होती.' नको असलेला शब्द खोडायचा, बस.

"कोणत्या वर्षाचं देऊ?" मी विचारलं.

"आता चालू हाय त्याच वर्षाचं."

तिथं माझं पेन अडलं. १ मेला निकाल लागला होता. झेंडा झाला, निकालपत्रकं वाटली, पोरं घरी गेली. नवीन वर्ष जूनच्या मध्याला लागणार. कागदावर मे महिना जुन्याच वर्षाच्या शेपटाला बांधलेला असतो, पण निकाल हातात पडलेलं मूल स्वतःला जुन्या वर्गातलं म्हणत नाही आणि पुढच्या वर्गाचं रजिस्टर अजून आखलेलं नसतं. 'शिकत आहे' ठेवावं तर वर्गाला कुलूप. 'शिकत होता' ठेवावं तर मुलगा समोर उभा. शेवटी 'आहे' खोडलं आणि सही-शिक्क्यासाठी फॉर्म बाजूला ठेवला.

त्या दिवसापासून 'शैक्षणिक वर्ष' हे दोन शब्द मी नुसते लिहीत नाही, ते मला दिसतात. पंचवीसेक वर्षं या टेबलावर काढली. दाखला, बोनाफाईड, शिष्यवृत्तीचे प्रस्ताव, एसटीच्या पासचा फॉर्म, सगळीकडे हे शब्द आहेत. त्यांच्यापुढे दोन आकडे आणि मधे एक आडवी रेघ. आकडे मी लिहिते. रेघ मात्र ज्याची त्याला जगावी लागते.

*

आमचे वडील, नाना, जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक होते. त्यांची जन्मतारीख १ जून १९५०. महाराष्ट्रातल्या खेड्यात ज्यांचे आई-वडील, आजी-आजोबा वाढले त्यांना ही १ जून वेगळी सांगायला नको. गावच्या कट्ट्यावर साठीपुढची दहा माणसं बसली तर निम्म्यांचा वाढदिवस त्या दिवशी निघतो. कारण साधं आहे. जन्माची नोंद घरी कुणी ठेवलेली नसायची. जूनमध्ये मास्तर मुलं गोळा करायचे, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की मूल सहाचं झालं, पहिलीत बसायला योग्य झालं असं समजायचं. मग सहा वर्षं मागं मोजून रजिस्टरात १ जून लिहायचं.

म्हणजे या माणसांचा जन्म आईच्या पोटी झाला तो एक, आणि शाळेच्या वर्षाच्या दारात झाला तो दुसरा. कागदाला दुसराच ठाऊक.

आजी सांगायची, "तुझा बाप पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, बैलाच्या शिंगाचा रंग अजून वाळला नव्हता." पोळा श्रावण अमावास्येचा, म्हणजे नाना खरे ऑगस्ट-सप्टेंबरातले. पण नोकरी लागली ती जूनच्या तारखेवर आणि सुटली तीही तिच्यावरच. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे नाना ५८ पूर्ण करून ३१ मे २००८ ला घरी बसले. आमच्याकडे ३१ मेला निरोपाच्या हारांना तोटा नसतो. एका पिढीचं येणंही शाळेच्या वर्षानं ठरवलं आणि जाणंही.

निवृत्तीनंतर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाढदिवस करायचा, असं एकदा आम्ही भावंडांनी ठरवलं. नानांनी पुरणपोळी खाल्ली, पण म्हणाले, "तारीख बदलू नका. गुरुजींनी दिलीय ती."

*

'शैक्षणिक' हा शब्द कारखान्यात घडवल्यासारखा सरळ आहे. शिक्षणाला 'इक' लागला आणि पहिला स्वर फुगला, जसा दिनाचा दैनिक झाला, वर्षाचा वार्षिक. खरं रहस्य 'वर्ष' या शब्दात आहे. तो 'वृष्' धातूवरून आला, वृष् म्हणजे बरसणं. वर्ष म्हणजे आधी पाऊस, मग पावसाळा, आणि मग एका पावसाळ्यापासून दुसऱ्यापर्यंतचा काळ. आपण अजूनही म्हणतो ना, "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत." तिथं पावसाळा आणि वर्ष यांत फरक नसतो.

हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. कारण आमच्याकडे शाळेचं वर्ष पावसानंच सुरू होतं. ७-८ जूनला मृग निघतो, बाप पेरणीच्या तयारीला लागतो आणि आई पोराचं दप्तर धुऊन वाळत घालते. आठवड्याभरात घंटा. नव्या पुस्तकांचा वास आणि पहिल्या पावसाचा वास एकाच दिवशी नाकात शिरलेला माणूस म्हातारपणीही त्यांची फारकत करू शकत नाही. जानेवारीत सुरू होतं ते वर्ष भिंतीवर टांगायचं, एप्रिलमध्ये सुरू होतं ते हिशेबाचं, चैत्रात लागतं ते गुढीचं. पण वर्ष या शब्दाच्या मूळ अर्थाला धरून जे सुरू होतं ते आमच्या भागात दोनच जणांचं, शेतकऱ्याचं आणि शाळेतल्या पोराचं.

फार जुन्या काळीही वेदाध्ययनाचं वर्ष पावसाळ्यातच उघडायचं. श्रावण किंवा भाद्रपदाच्या पौर्णिमेला उपाकर्म, म्हणजे अभ्यासाचा आरंभ. तिथून साडेचार महिने अध्ययन आणि पौषात किंवा माघात उत्सर्जन, म्हणजे समाप्ती. अमावास्या-पौर्णिमेला, अष्टमी-चतुर्दशीला, ढग गडगडले तरी अनध्याय, आजच्या भाषेत सुट्टी. आपण पहिलं सत्र, दुसरं सत्र म्हणतो तो शब्दही यज्ञातलाच. दिवसेंदिवस चालणाऱ्या मोठ्या यज्ञाला सत्र म्हणत. त्या वर्षात आमच्यासारख्यांच्या घरची मुलं नव्हती. मुली तर बहुतेक कुणाच्याच घरच्या नव्हत्या. म्हणून मला ते जुनं वर्ष कितीही सुंदर वाटलं तरी माझ्या टेबलावरचं जनरल रजिस्टर जास्त प्रिय आहे. त्यात सगळ्या आडनावांची पोरं एकाखाली एक ओळीनं लिहिलेली आहेत.

नानांचे वडील सालगडी होते. सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्यालाच संपतं. त्या दिवशी धन्याशी बोली व्हायची, धान्य किती, पैसे किती, कपड्याचे जोड किती. घरात एकाच छपराखाली दोन कालगणना चालायच्या: बापाचं साल चैत्रात, मुलाचं वर्ष जूनमध्ये. साल धन्याला विकलेलं असायचं. वर्ष मुलाचं स्वतःचं होतं. आमच्या घरी जो काही बदल झाला तो त्या अडीच महिन्यांच्या फरकात झाला असं मी मानते.

*

मराठीत नुसतं 'वर्ष' म्हटलं तरी पुष्कळदा शाळेचंच वर्ष म्हणायचं असतं. "त्याचं वर्ष वाया गेलं." "एका मार्कानं वर्ष वाचलं." "आजारपणात वर्ष बुडालं." इथं आयुष्याचं वर्ष कुठंही गेलेलं नसतं. तेही जगलेलंच असतं, तापात का होईना. पण इयत्ता पुढं सरकली नाही की ते वर्ष बुडालं. सत्तरीतले दोघे एसटी स्टँडवर भेटतात आणि एक दुसऱ्याला म्हणतो, "तू माझ्या एक वर्ष मागं होतास." जन्मतारखा दोघांच्याही १ जूनच्या, तरी एक पुढं आणि एक मागं, मरेपर्यंत. आणि "यंदा आमच्याकडे दहावी आहे" हे वाक्य तर लग्नकार्य असल्यासारखं उच्चारलं जातं. त्या घरात त्या वर्षी पाहुणे कमी येतात, टीव्हीचा आवाज उतरतो.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना आहे: 'कोणत्या इयत्तेत शिकत होता व केव्हापासून.' तिथं 'इयत्ता सातवी, जून' आणि पुढं साल लिहितात. त्याच्याजवळच 'शाळा सोडण्याचे कारण'. मुलींच्या दाखल्यावर त्यात 'पालकांची विनंती' असं लिहायची मला किती वेळा पाळी आली, ते मी मोजलेलं नाही. बहुतेकदा वर्षाच्या मधेच. मुलगी खिडकीशी उभी असते आणि रेघ अर्ध्यावर थांबलेली असते. लिपिकाला त्यात बोलायचा अधिकार नाही. तरी मी दरवेळी विचारते, "निदान मार्चपर्यंत थांबा ना. तिचं वर्ष तरी होऊ द्या." दोन वेळा थांबले लोक. त्या दोघींची नावं मला पाठ आहेत.

*

आता कायद्याचं बोलते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात शैक्षणिक वर्षाचं माप दिलं आहे: पहिली ते पाचवीला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे वर्ष ३६५ दिवसांचं नाही, शिकवलेल्या दिवसांचं. मला ही व्याख्या मनापासून पटते. बाकीचे दिवस कोणते सोडायचे ते गावानं, हवेनं, सणानं ठरवावं. ठरवलेलंही आहे. विदर्भात ऊन कडक, तिथल्या शाळा आमच्यापेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा उघडतात. कोकणात गणपतीची सुट्टी मोठी, कारण मुंबईचं निम्मं माणूस गावी आलेलं असतं. उर्दू शाळांच्या सुट्ट्यांची यादी रमजान पाहून वेगळी लागते. सीमेपलीकडे बेळगावात मराठी शाळासुद्धा कर्नाटकाच्या वेळापत्रकानं, मेअखेरीला नाहीतर जूनच्या तोंडाला उघडतात. तिथल्या आमच्या भाचीला आत्याकडची आंब्याची सुट्टी नेहमी अपुरी पडायची.

वर्ष एप्रिलला सुरू करावं, असा विचार हल्ली जोरात आहे. गोव्यात २०२५ मध्ये सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग ७ एप्रिलला सुरू झाले. सीबीएसईच्या, म्हणजे दिल्लीच्या बोर्डाच्या शाळा आधीपासूनच एप्रिलवाल्या. माझं मन जूनकडे ओढतं, आणि त्याचं कारण निव्वळ पावसाचा वास नाही. आमच्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या वर्गात दुपारी बसवत नाही आणि पिण्याच्या पाण्याचे हाल सुरू झालेले असतात. पण एका प्रश्नावर माझा जून मलाच उत्तर देत नाही. तो प्रश्न घेऊनच ती बाई खिडकीशी आली होती.

*

आमचा अहिल्यानगर जिल्ह्यातला पाथर्डीचा भाग ऊसतोडीचा. पलीकडे बीड जिल्हा, तोही तसाच. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घ्यायची, दसरा झाला की सामान बांधायचं, दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांकडे निघतात. कोप्या घालून राहायचं, पहाटे फडात उतरायचं. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत. मुलं मागं ठेवायला आजी धडधाकट असेल तर ठीक. हंगामी वसतिगृहं आहेत, स्थलांतरित मुलाला तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. त्यानं पुष्कळ मुलं टिकली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण धाकटं भावंड सांभाळायला कुणी नसलं की थोरलं बरोबर जातंच.

शाळेची माहिती सरकारला जाते ती ३० सप्टेंबरच्या पटावर. त्या दिवशी आमचे वर्ग भरलेले असतात. दसऱ्यानंतर बाकं रिकामी व्हायला लागतात. वर्ष जूनला सुरू करा की एप्रिलला, या मुलाच्या वाट्याला अर्धंच येणार. जूनच्या वर्षात त्याला पहिलं सत्र मिळतं, दुसरं मिळत नाही. दर वर्षी तेच अर्धं. अपूर्णांकांची ओळख होते, पुढची गणितं कधी होतच नाहीत. इतिहासाचं पुस्तक मधेच थांबतं.

त्या मुलाची सातवीची हजेरी मी उघडून पाहिली होती. ८४ दिवस. २२० पैकी ८४. पुढच्या वर्गात तो गेलाच होता, सातवीत कुणाला मागं ठेवत नाहीत. म्हणून आईनं विचारलं, "बाई, त्याचं वर्ष गेलं का राहिलं?" तेव्हा मी म्हणाले, "राहिलं. आठवीत गेला."

मुलगा तेवढ्यात बोलला, "मला आठवीतलं कसं यील?"

त्यानं काखेतलं पुस्तक टेबलावर ठेवलं. सातवीचं गणित. जुनी पुस्तकं आम्ही वर्षाअखेर परत घेतो, ते द्यायला आणलं होतं. मी सहज चाळलं आणि माझे हात थांबले. निम्म्यापर्यंतची पानं मऊ झालेली, कोपरे दुमडलेले, पेन्सिलीच्या खुणा, एका पानावर तेलाचा डाग. तिथून पुढं सगळी पानं कोरी करकरीत. इतकी की दोन पानं वरच्या कडेला कापायची राहून एकमेकांना चिकटलेली होती. नव्या कागदाचा वास तेवढ्या भागाला अजून येत होता. हजेरीपत्रक मी रोज हाताळते, पण बुडालेलं अर्धं वर्ष असं बोटांना कधी लागलं नव्हतं.

करोनात हे सगळ्यांच्याच वाट्याला आलं. जून २०२० ला पहिलीत नाव घातलेली आमच्याकडची पोरं शाळेत पहिल्यांदा बसली ती १ डिसेंबर २०२१ ला, तीही दुसरीत. तेव्हा पालक, मंत्री, पेपरवाले सगळे कळवळून बोलत होते की मुलांचं वर्ष गेलं. खरंच गेलं होतं. मला फक्त तो मुलगा आठवत होता. त्याचं दर दिवाळीला जात होतं आणि त्याची बातमी होत नव्हती.

पुस्तक मी परत घेतलं नाही. त्याला म्हटलं, "वेशीजवळ गुरुजींचं घर माहीत आहे ना? उद्या सकाळी सातला हे घेऊन जा. मी सांगून ठेवते." नाना तेव्हा सत्तरीला टेकलेले. संध्याकाळी त्यांना सांगितलं तर त्यांनी फक्त विचारलं, "कुठल्या पानापास्नं?"

मग तो महिनाभर आमच्या ओट्यावर शाळा भरली. शाळा म्हणजे एक म्हातारा, एक मुलगा आणि चार-सहा दिवसांनी त्याच्या मागं आलेली आणखी दोन मुलं, तीही पट्टा पडल्यावर परतलेली. नाना चिकटलेली पानं ब्लेडनं सोडवायचे, तीसुद्धा मुलाच्या हातून. ऊन ओट्यावर आलं की सुट्टी. हा वर्ग कुठल्या पटावर नव्हता. त्याला हजेरी नव्हती, आणि तो ज्या महिन्यात भरला त्या महिन्याला माझ्या फॉर्मवर धड वर्षसुद्धा नव्हतं.

एका सकाळी मी ऑफिसला निघताना सरळव्याज चाललं होतं. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर. नाना सांगत होते, "मुदत नेहमी वर्षात लिहायची."

मुलगा खडूनं फरशीवर आकडे मांडत थांबला. "नाना, आमची उचल हंगामाची असती. सहा महिन्याची. तिला व्याज लावलं तर वर्ष किती लिव्हायचं?"

"तूच सांग. बारातले सहा."

त्यानं बोटं मोजली नाहीत. "एक छेद दोन," म्हणाला, आणि एक लिहून त्याच्याखाली रेघ ओढली.